व्याख्यान, पडदा आणि पान: मुंबईतील दृक्-श्राव्य शिक्षणाची वाटचाल

विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात पाठाच्या एकाच पानावर मजकूर, आकृती, ध्वनी आणि चलत्‌चित्र शेजारी शेजारी असतात. विद्यार्थी दोन परिच्छेद वाचतो, मध्ये आलेल्या चौकटीवर बोट ठेवतो, पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक पाहतो आणि पुढचा परिच्छेद वाचू लागतो. चित्र किंवा आवाज असा पानातच बसवण्याला संगणकाच्या परिभाषेत ‘एम्बेड करणे’ म्हणतात. ही रीत गेल्या वीसेक वर्षांतली आहे. शिकवण्यासाठी चित्र आणि आवाज वापरण्याचा मुंबईतला प्रघात मात्र शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे बरेचसे टप्पे गिरगाव ते दादर, परळ ते वरळी एवढ्या छोट्या पट्ट्यात पार पडले. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न उभे राहिले. दाखवलेल्या गोष्टीचा अर्थ विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत कोण उलगडून सांगणार? आणि ती गोष्ट त्याला हवी तेव्हा पुन्हा पाहता-ऐकता येणार का? या दोन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, यातूनच हा इतिहास घडला.

जादूचा कंदील

चलत्‌चित्रांच्या आधी जादूचा कंदील होता. काचेवर रंगवलेले चित्र दिव्यापुढे धरायचे आणि भिंगातून पांढऱ्या पडद्यावर मोठे करून पाडायचे, एवढेच त्याचे तंत्र. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा भराभर बदलून आणि एकाहून अधिक कंदील वापरून ते चित्रांना हालचालीचा भास आणत. पौराणिक कथा पडद्यावर दिसत असे, पण ती कळत असे बाजूला उभ्या असलेल्या निवेदकामुळे. कीर्तन ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला ही मांडणी ओळखीची होती. सांगणारा मुख्य, आणि चित्र त्याच्या बोलण्याला धरून चालणारे.

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. ते खेळ पाहून छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत झालेले स्वागतही त्यांनी चित्रित केले. भारतीय माणसाने घेतलेल्या पहिल्या काही वार्ताचित्रांपैकी एकाचा नायक गणिताचा विद्वान असावा, यातून त्या काळच्या मुंबईतला विद्येचा मान कळतो.

दादरचा वाटाणा

शिकवणारे चलत्‌चित्र मुंबईत जन्मले ते दादरला. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र शिकून आले आणि चर्नी रोडचे बिऱ्हाड हलवून दादरच्या मथुरा भवनात राहू लागले. बंगल्याच्या आवारात त्यांनी काचेची खोली बांधली. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम अंधाऱ्या खोलीत घरचीच माणसे करीत, आणि त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा मोठा होता. भांडवल उभे करायचे तर हे तंत्र खरोखर चालते हे सावकारांना दाखवून द्यायला हवे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराहून किंचित मोठा लघुपट तयार झाला. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढू लागतो, हे सारे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडत होते.

यामागचे गणित साधे आहे. सेकंदाला १६ चित्रे हा मूकपटाचा रूढ वेग धरला, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांवर वाटली तर रोज सुमारे ३२ येतात. डोळ्याला न दिसणारी संथ क्रिया आटोपशीर वेळेत दाखवणे हे शैक्षणिक चलत्‌चित्राचे सर्वांत मोठे बळ. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या ऑनलाइन पाठात अंकुरणाची जी चित्रफीत असते, तिचे तंत्र हेच असते.

या लघुपटामुळे फाळक्यांना कर्ज मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कथापटांत गुंतल्यावरही त्यांनी शिकवणारे चित्र सोडले नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात त्यांनी आपल्याच धंद्यातली कामे प्रेक्षकांना दाखवली. कसबाचे प्रात्यक्षिक कसबी माणसाने स्वतः कॅमेऱ्यापुढे द्यावे, ही कल्पना त्यात आहे.

गिरणगावातले वर्ग

त्याच सुमारास परळ-लालबागच्या गिरणगावात शिक्षणाची वेगळी निकड होती. पाळीत काम करणाऱ्या कामगाराला दिवसाच्या शाळेत जाणे शक्य नव्हते आणि अनेकांना अक्षरओळखही नव्हती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, फिरती ग्रंथालये आणि कंदील दाखवून दिलेली व्याख्याने यांच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. परळचा दामोदर हॉल हे या चळवळीचे ठिकाण झाले. पटकी, क्षय, पाण्याची स्वच्छता, बाळाचे संगोपन हे विषय पुस्तकातून पोचणे अवघड होते, पण पडद्यावरचे चित्र आणि मराठीतला वक्ता यांच्या जोडीने ते पोचत. ऐकणारा मध्येच शंका विचारू शकत असे आणि वक्ता पुन्हा समजावून सांगू शकत असे. पुढच्या अनेक यंत्रांनी श्रोत्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढवली, पण शंका विचारण्याची ही सोय त्यांतून हरवली.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी महाविद्यालयीन शिक्षणाचे दार उघडण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. कचेरीत जाण्याआधी शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. शिक्षणाने विद्यार्थ्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे हे तत्त्व इथे वेळापत्रकातून साधले गेले. दूरशिक्षण आणि ऑनलाइन पाठ यांचा पायाही तोच आहे.

आवाज घरात येतो

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याआधी १९२३ पासून बॉम्बे रेडिओ क्लबचे हौशी प्रक्षेपण होत होते. व्याख्यान ऐकायला सभागृहात जायलाच हवे, ही अट रेडिओने काढून टाकली. पुढे ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवरून शाळांसाठी खास कार्यक्रम होऊ लागले. गिरणगावात मात्र सर्वांत खोल रुजला तो ‘कामगार सभा’ हा कार्यक्रम. लोकगीते, लावणी, पोवाडा यांच्याबरोबर कामगारांना उपयोगी पडणारी माहितीही त्यातून मिळे.

रेडिओचे शिक्षण ठरलेल्या घटकेलाच मिळत असे. पाळी चुकवून ऐकणे शक्य नव्हते. एखादे वाक्य निसटले तर ते परत ऐकण्याची सोय नव्हती, आणि श्रोत्यासमोर पुस्तक असेलच याचाही भरवसा नव्हता. आवाज आणि पान यांची गाठ अजून पडली नव्हती.

पेडर रोड आणि वरळी

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य ठाणे मुंबईत होते आणि पुढे पेडर रोडवरची वास्तू हीच तिची ओळख झाली. शेती, आरोग्य, विज्ञान, कला, थोरांची चरित्रे अशा विषयांवरचे माहितीपट इथे बनत आणि परवान्याच्या अटीनुसार चित्रपटगृहांना मुख्य खेळाआधी ते दाखवावे लागत. लालबागच्या भारतमाता चित्रगृहात मराठी चित्रपट पाहायला आलेला प्रेक्षक त्याआधी एखादे धरण, एखादे लेणे किंवा देवीच्या लसीची माहिती पाहत असे. एकाच दृश्यपट्टीवर वेगवेगळ्या भारतीय भाषांतले निवेदन चढवण्याचे काम फिल्म्स डिव्हिजनने वर्षानुवर्षे केले. चित्र एकच आणि आवाज भाषेभाषेचा, ही पद्धत पुढे संगणकाच्या युगात पुन्हा उपयोगी पडली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीचा उंच मनोरा शहराच्या क्षितिजावर आला आणि शिकवणारे चित्र चाळीच्या खोलीत पोचले. ‘शालेय चित्रवाणी’तून शाळेच्या अभ्यासक्रमाला जोडलेले पाठ दाखवले जात. प्रौढांसाठी आकाशानंद यांची निर्मिती असलेला ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम होता. त्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे काढली, पाहिलेल्या विषयावर चर्चा केल्या आणि सामाजिक कामेही केली. एकतर्फी प्रक्षेपणाला माणसांच्या गटाची जोड मिळाली की शिक्षण टिकते, याचा हा मराठीतला ठळक दाखला आहे. दामोदर हॉलमधल्या श्रोत्याला जी शंका विचारता येत होती, तिला या मंडळांत पुन्हा जागा मिळाली.

या काळातले एक संशोधन इथे महत्त्वाचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम १९७४ मध्ये गिरगावाजवळच्या नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत सुरू झाले. महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात काम करताना व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की मुलांना अडवणारी गोष्ट अनेकदा विज्ञानाची संकल्पना नसते. पाठ्यपुस्तकातली भाषा असते. भाषा सोपी केली की विषय समजू लागतो. हा निष्कर्ष दृक्-श्राव्य साधनांनाही तंतोतंत लागू पडतो, कारण न कळणाऱ्या भाषेतले निवेदन असेल तर उत्तम चित्रही मुके राहते.

विद्यापीठीय शिक्षणात ही अडचण लवकरच दिसली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे प्रक्षेपण इन्सॅट-१बी उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवर सुरू झाले. पुणे विद्यापीठातल्या केंद्रासह देशातली काही केंद्रे त्यासाठी कार्यक्रम बनवत. त्यांचा दर्जा चांगला होता, पण ते मुख्यतः इंग्रजीत असत आणि दाखवण्याची वेळ महाविद्यालयांच्या तासांशी जुळेलच असे नव्हते. सोपी भाषा आणि सोयीची वेळ या दोन्ही गोष्टी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला एकत्र मिळाल्या नाहीत.

फीत विद्यार्थ्याच्या हाती

थांबवणे, मागे नेणे आणि पुन्हा ऐकणे हे तीन अधिकार विद्यार्थ्याला ध्वनिफितीने दिले. मुंबईत त्यांचा सर्वांत मोलाचा उपयोग अंध विद्यार्थ्यांसाठी झाला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने १९६० च्या दशकात बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारले. वाचक स्टुडिओत बसून पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून काढत आणि त्याच्या फिती विद्यार्थ्यांना मिळत. ब्रेलमधली पाठ्यपुस्तके मोजकी आणि जाडजूड असत, तेव्हा या आवाजाच्या आधाराने अनेकांना पदवीचा अभ्यास करता आला. पुढे २००३ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र सुरू झाले आणि पुस्तक संगणकाकडून वाचवून घेण्याची सोय तिथे झाली. आज पाठाच्या पानावर चित्रफितीखाली तिचे लेखी रूप देणे आणि चित्राचे शब्दांत वर्णन करणे हा चांगल्या अभ्यासक्रमाचा निकष मानला जातो. आवाजावर ज्यांचा अभ्यास अवलंबून होता, त्या विद्यार्थ्यांच्या गरजेतून हा निकष आला आहे.

मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. छापील टिपणे टपालाने घरी येत आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कवर्ग भरत. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याने मराठीतल्या स्वयं-अध्ययन पुस्तकांना ध्वनिफिती आणि चित्रफितींची जोड दिली. पुस्तक आणि फीत एकाच अभ्यासक्रमासाठी आखलेली असल्याने त्या दोन्हींची आता खरी गाठ पडली. तरीही पुस्तक टेबलावर आणि यंत्र कोपऱ्यात, हे अंतर राहिलेच.

अक्षरांची वाट अरुंद

ते अंतर मिटवणारी वाटही मुंबईतून गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी, फोर्ट भागात मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारे खाते फक्त अक्षरांचे होते आणि त्यात चित्र दिसतही नसे. चित्रे दाखवणारे खाते महाग होते, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून चाले.

त्या तारेची मर्यादा आकड्यांत मांडता येते. सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाची जोडणी पूर्ण क्षमतेने चालली, तरी १२८ किलोबिट दर्जाचा एक मिनिटाचा ध्वनी उतरायला जवळजवळ साडेचार मिनिटे लागत. ५०० किलोबिट दर्जाचे तासाभराचे व्याख्यान उतरवायला सतरा तासांहून अधिक वेळ लागला असता. म्हणून पहिल्या दहा वर्षांत अभ्यासक्रमांची पाने मजकूर आणि लहान आकृत्या यांपुरती राहिली. व्याख्यान सीडीवर दिले जाई किंवा उपग्रहावरून दूरच्या वर्गात पोचवले जाई. सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेला एज्युसॅट हा उपग्रह खास शिक्षणासाठी होता.

पानात बसलेला पाठ

२००३ पासून आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा प्रकल्प चालवला. पवईच्या आयआयटी मुंबईचा त्यात सहभाग होता. वर्गात दिलेली पूर्ण व्याख्याने चित्रित झाली आणि पुढे यूट्यूबवर सर्वांना मोफत मिळू लागली. २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबने आणखी एक मोठी सोय केली होती. प्रत्येक चित्रफितीसोबत छोटीशी सांकेतिक ओळ मिळे, आणि ती आपल्या पानात चिकटवली की तिथे चित्राची चौकट उमटे. चित्रफीत यूट्यूबच्या संगणकावरच राहते आणि पान फक्त तिच्याकडे उघडणारी खिडकी ठेवते. अवजड फायली साठवण्याचा खर्च नसल्याने लहान महाविद्यालयालाही हे परवडू लागले. मूडलसारख्या मोफत प्रणालीत पाठ रचणारा प्राध्यापक संगणकतज्ज्ञ नसला तरी हे काम करू शकत होता.

सुरुवातीला अशा चौकटीसाठी फ्लॅश हे वेगळे सॉफ्टवेअर लागे. २०१४ मध्ये एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाण झाली आणि चित्र व ध्वनी हे वेबपानाचे मूळ घटक बनले. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. त्याचबरोबर चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जोडणी मंद झाली की पुढचा तुकडा कमी दर्जाचा येतो, त्यामुळे चित्र धूसर होते पण व्याख्यान थांबत नाही. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइल इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले आणि लोकलच्या प्रवासातही पाठ उघडता येऊ लागला.

भाषेच्या प्रश्नाला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने विचारपूर्वक उत्तर दिले. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ इथे तयार झाले. प्रत्येक पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते. एका रकान्यात पडद्यावर काय दिसणार, आणि दुसऱ्यात त्याच क्षणी काय बोलले जाणार. पडद्यावरचे इंग्रजी तसेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होते. नोकरीत लागणारी इंग्रजी संज्ञा डोळ्यांसमोर राहते आणि तिचा अर्थ मातृभाषेत कानावर पडतो. विद्यार्थ्याने एका खिडकीत पाठ आणि दुसरीत सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जायचे, अशी रचना आहे. फिल्म्स डिव्हिजनची निवेदनाची रीत आणि फाळक्यांचे कसबाचे प्रात्यक्षिक इथे एकत्र आले, आणि जोडीला थांबवून पुन्हा पाहण्याची मोकळीक मिळाली.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले तेव्हा या सगळ्या अनुभवाला नियमाचे रूप मिळाले. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वाध्याय-चाचण्या आणि शंकानिरसनाची चर्चा. नुसत्या चित्रफितींना अभ्यासक्रम मानत नाहीत. गिरणगावातल्या व्याख्यानात श्रोत्याची जी शंका वक्त्याला ऐकावी लागे, तिला इथे अभ्यासक्रमाचा चौथा भाग म्हणून अधिकृत स्थान आहे.

टाळेबंदी आणि नंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गिरगाव चौपाटीपासून माटुंग्यापर्यंतची महाविद्यालये एका आठवड्यात पडद्यावर आली. प्राध्यापकांनी घरातून व्याख्याने दिली आणि ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांकडे पाठवली. चाळीतल्या एका खोलीत एक फोन आणि शिकणारी तीन मुले, अशी स्थिती अनेक घरांत होती. अशा वेळी तासाभराच्या थेट व्याख्यानापेक्षा पानात बसवलेली छोटी चित्रफीत आणि तिच्याखालचा मजकूर अधिक उपयोगी होता, कारण फोन हाती येईल तेव्हा तो पाठ उघडता येई. ज्यांच्याकडे फोनही नव्हता, त्या शाळकरी मुलांसाठी जुने माध्यम परतले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मराठीत सुरू झाली.

या अनुभवातून पाठ रचण्याचे काही नियम पक्के झाले. चित्रफीत लहान असावी आणि ती ज्या मुद्द्याची आहे त्या परिच्छेदालगत बसावी. ती पाहण्याआधी कशाकडे लक्ष द्यायचे ते मजकुरात सांगावे आणि नंतर एखादा प्रश्न विचारावा. बोललेले शब्द लेखी द्यावेत, म्हणजे ऐकू न येणारा, मंद जोडणीचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणी करणारा, असे तिघेही सोयीने शिकतात. आवाज पुरेसा असेल तिथे चित्र लादू नये, कारण ध्वनीला डेटा फार थोडा लागतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरची चित्रफीत केव्हाही काढून टाकली जाऊ शकते आणि पानावर रिकामी चौकट उरते. म्हणून महत्त्वाच्या पाठांची प्रत संस्थेने स्वतःकडे ठेवावी आणि दरवर्षी सगळ्या चौकटी उघडून तपासाव्यात. निवेदन विद्यार्थ्याच्या भाषेत असावे आणि शंका विचारायला त्याच पानावर जागा असावी.